शोलापूरचा जुना फोटो: ताताच्या मागची मोटार कुठली? साल ठरवायचं आहे

धोटा

नमस्कार मंडळी. फोटो जोडला आहे. पोस्टकार्डाएवढाच आहे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, डाव्या कोपऱ्याला कसर लागली आहे. मागे शाईने फक्त "शोलापूर" लिहिलंय. साल नाही, आणि स्टुडिओचा शिक्का पुसून गेलाय.

गाडीशेजारी उभे आहेत ते माझे आजोबा. आमच्या घरी तेलुगू बोलतात, आजोबांना ताता म्हणतात, म्हणून इथंही ताताच लिहिते. धोतर, बंद गळ्याचा कोट, पायात वहाणा, डोक्याला पांढरी टोपी. एक हात रेडिएटरच्या डोक्यावर असा ठेवलाय, जसा बैलाच्या वशिंडावर ठेवावा. गाडी त्यांची नव्हती. ताता गिरणीच्या मशीन खात्यात फिटर होते आणि पेठेतल्या एका डॉक्टरांची मोटार रविवारी जाऊन दुरुस्त करून द्यायचे. ही त्याच डॉक्टरांची, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे.

गाडी उघडी आहे, कापडी टप मागे पाडलेला. जरा तिरकी उभी आहे, त्यामुळे तोंड आणि एक बाजू दोन्ही दिसतात. नंबराची पाटी धोतराच्या सोग्यामागे गेलीय, शेवटचे ४ आणि ७ तेवढे दिसतात. रेडिएटरवरचा बिल्ला ताताच्या अंगठ्याखाली अर्धा झाकलाय.

आता साल कशाला पाहिजे ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, जुना फोटो आहे, फ्रेम करून लावा की.

१९३० साली इथं मार्शल लॉ होता हे सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. आमच्या चुलत घरात एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगतात: मार्शल लॉमध्ये भर रस्त्यात शिपायांनी ताताच्या डोक्यावरची गांधी टोपी काढून घेतली, आणि त्या दिवसापासून त्यांनी टोपी घातली नाही. "घाबरला तो", हे शेवटचं वाक्य प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात मी ऐकलंय. मी दहा वर्षांची असताना, १९७४ ला, ताता गेले. मी त्यांना कायम बोडकंच पाहिलं. त्यामुळे गोष्ट खरीच वाटायची. आणि हा फोटो? तो "आधीचा", १९२९ चा, असं चुलत घर म्हणतं. टोपी आहे म्हणजे आधीचाच असणार, असा त्यांचा हिशेब.

मला टोपीवरून साल नको आहे. गाडीवरून पाहिजे.

सातरस्ता

ताई, आमचं वडिलांपासूनचं गॅरेज आहे. एवढ्या जुन्या गाडीत मी हात घातलेला नाही, पण वडिलांकडून ऐकलंय त्यावरून सांगतो. फोर्डची मॉडेल टी नाही हे नक्की. टीला बहुतेक करून लाकडी आऱ्यांची चाकं असायची, आणि ती गाडी १९२७ ला बंद झाली. तुमच्या फोटोत तारेच्या आऱ्या दिसतात.

मला शेवरलेट वाटते. जनरल मोटर्सने १९२८ ला मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना टाकला, त्यामुळे आपल्याकडे शेवरलेट भरपूर आल्या. १९३१ च्या शेवरलेटला तारेची चाकं होती.

हँडल

फोटो सुंदर आहे. घाई नको, तीन गोष्टी तपासा, मग बोलू.

पहिली. बॉनेट जिथं संपतं आणि समोरची काच जिथं सुरू होते, त्यामधल्या पत्र्यावर बरोबर मधोमध एक झाकण दिसतं का? गोल, रुपयाहून मोठं.

दुसरी. पुढच्या चाकाचं माप घ्या. गाडी तिरकी आहे म्हणून चाक अंड्यासारखं दिसतंय, त्यामुळे आडवं मोजू नका, उभं मोजा. टायर खाली मातीत दबलेला असतो म्हणून खालची बाजूही सोडा. आसाच्या मध्यापासून सरळ वर: रिमच्या कडेपर्यंत किती, टायरच्या माथ्यापर्यंत किती.

तिसरी, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. रेडिएटरभोवती जी चकचकीत चौकट आहे, तिचा वरचा भाग सगळा चकचकीत आहे, की अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना एक खोलगट, काळपट पट्टी दिसते?

स्कॅन केलं नसेल तर दुकानातून १२०० डीपीआयला करून घ्या. मोबाइलने वरून काढलेल्या फोटोत कडा वाकतात, मापं चुकतात.

धोटा

दादा, काल स्कॅन करून आणलं. पण आधी मूळ फोटोच बघितला, माझ्या पद्धतीने.

आमचे टॉवेलचे माग आहेत. कापडाचे धागे मोजायला आम्ही घडीचं एक लहान पितळी भिंग वापरतो. खाली एक इंचाची चौकोनी खिडकी, वर काच. कापडावर ठेवायचं, डोळा लावायचा आणि सुईने एकेक धागा मोजायचा. तीस वर्षं मी ते भिंग वापरतेय. ते ताताच्या फोटोवर ठेवायचं कधी सुचलं नव्हतं.

सकाळी गच्चीच्या दारात, उजेड तिरका येतो तिथं बसले. आधी कोटाचं बटण दिसलं. मग मनगट. मनगटावर काळा डाग आहे, तो फोटोचा नाही, ग्रीसचा आहे, कारण बाहीच्या कडेलाही तो तसाच पुसलेला दिसतो. म्हणजे फोटो काढायच्या आधी काम चालू होतं, आणि कोट वरून घातला. हे साठ वर्षांत मला माहीत नव्हतं.

आता तुमचे प्रश्न.

झाकण आहे. काचेच्या खालच्या चौकटीला लागून, बरोबर मध्ये. मला आधी ते काचेवरचं प्रतिबिंब वाटलं होतं. पण त्याची सावली पत्र्यावर पडलीय, सावली खोटी नसते.

चाक: स्कॅनवर आसाच्या मध्यापासून रिमच्या कडेपर्यंत २०७ ठिपके, टायरच्या माथ्यापर्यंत ३०६. तीनदा मोजलं, एकदा मुलीकडून मोजून घेतलं.

पट्टी: आहे. अंगठ्याच्या डावीकडे स्पष्ट, उजवीकडे अर्धीच. चौकटीची कडा चमकते, आणि तिच्या आत पत्रा खाली दाबल्यासारखा आहे, रंग बॉनेटसारखाच गडद. भिंगातून बघितलं तर त्या खोलगट भागाला वरच्या बाजूने बारीक उजेडाची रेघ आहे.

हँडल

ताई, तुम्ही जे बघितलंत ते माझ्या डोळ्यांनी दिसलं नसतं. आता सविस्तर लिहितो.

मधोमध झाकण म्हणजे फोर्डची मॉडेल ए. तिची पेट्रोलची टाकी मागे नसते, काचेच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या पुढे असते. टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, त्यामुळे पेट्रोल आपोआप उतरतं, पंप लागत नाही. टाकीचं तोंड म्हणून काचेच्या पुढ्यात. त्या काळातल्या शेवरलेटची टाकी मागे असायची, तिथं हे झाकण असायचं कारणच नाही. सातरस्ता दादांचा अंदाज चुकीच्या रस्त्यावर नव्हता, तारेच्या चाकांच्या उघड्या गाड्या लांबून सारख्याच दिसतात. पण झाकणानं प्रश्न सोडवला.

मॉडेल ए म्हणजे चार सिलिंडर, ४० हॉर्सपॉवर, तीन गिअर. १९२७ च्या शेवटी आली, १९३२ च्या सुरुवातीला बंद. एवढ्या थोड्या वर्षांत ४८ लाखांच्या आसपास निघाल्या. हिंदुस्थानात फोर्डची कंपनी १९२६ पासून होती, आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना माल कॅनडाच्या फोर्डकडून यायचा, उजव्या हाताच्या स्टिअरिंगचा. तुमच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडेच आहे.

आता या चार वर्षांत कुठं बसवायची? १९२८ आणि १९२९ च्या गाडीला २१ इंची रिम, त्यावर साडेचार इंची टायर. म्हणजे बाहेरून बाहेर ३० इंच, आणि रिमचा वाटा दहात सात. १९३० पासून १९ इंची रिम आणि पावणेपाच इंची टायर, बाहेरून साडेअठ्ठावीस, रिमचा वाटा तिनात दोन. तुमच्या ३०६ चे तिनात दोन होतात २०४. तुम्हाला आले २०७, कारण रिमची कडा थोडी बाहेर असते. २१ इंची असती तर कडा न धरताच २१४ आले असते. तर १९२९ बाद. चुलत घराचं साल इथंच गेलं.

पण थांबा. १९३० ची गाडी १९३० च्या सुरुवातीला बाजारात आली होती. मार्शल लॉ मे महिन्यात लागला. कोणी हट्टाने म्हणेल की गाडी तडक बोटीत चढली आणि एप्रिलमध्ये सोलापुरात उभी होती. अशक्य म्हणता येणार नाही. म्हणून तिसरा प्रश्न विचारला होता.

१९३० च्या गाडीचा रेडिएटरचा मुखवटा, म्हणजे तीच चौकट, सपाट आणि पूर्ण चकचकीत. १९३१ ला फोर्डने त्याच्या वरच्या आणि खालच्या भागात खोलगट पट्टी काढली आणि ती रंगवली. ताताच्या अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना जे आहे ते हेच.

म्हणजे फोटो १९३१ च्या आधीचा नाही.

नवीपेठ

एक शंका. आपल्याकडे गाडी मोडीत जात नाही, तिचे भाग दुसऱ्या गाडीला लागतात. १९२९ च्या गाडीला १९३१ चा मुखवटा बसवला असेल तर? अपघात झाला की पहिला मार तिथंच बसतो.

हँडल

शंका बरोबर आहे आणि ती घ्यायलाच पाहिजे. चाकंही बदलता येतात. पण ताईंना गाडीचं साल नकोय, फोटोचं पाहिजे. मुखवटा मागाहून लावलेला असला तरी फोटो काढला तेव्हा तो तिथं होता. जी वस्तू अजून तयारच झाली नाही ती फोटोत येत नाही. उलट दुरुस्तीत बदलला असेल तर फोटो आणखी अलीकडचा.

याची दुसरी बाजूही सांगून ठेवतो. गाडीवरून "याच्या आधीचा नाही" एवढंच ठरतं. "याच्या नंतरचा नाही" हे ठरत नाही. मॉडेल ए आपल्याकडे पुढं कित्येक वर्षं धावल्या. त्यामुळे पाटीवर १९३१ असं ठोकून लिहू नका, "१९३१ किंवा नंतर" लिहा.

बाळीवेस

पोरी, मी ऐंशी ओलांडलीय, गाडीतलं काही कळत नाही. टोपीबद्दल लिहितो.

तारखा आधी नीट मांडून ठेव, कारण घरातल्या गोष्टीत महिने सरकतात. गांधीजींना ५ मे १९३० ला पकडलं. इथं ८ मेला गोळीबार झाला. १२ मेला मार्शल लॉ पुकारला, तो जूनच्या अखेरीपर्यंत होता. आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांपाशी आपण रोज रिक्षा वळवतो ते हेच चौघं.

आता बघ. गाडीचं १९३१ धरलं, तर तुझा ताता त्या टोपीत उभा आहे तो नुसता मार्शल लॉच्या नंतर नव्हे. गाडी तयार होऊन, बोटीने मुंबईला येऊन, तिथून आपल्या गावात यायला लागले असतील ते महिने धर. फाशी झाल्यानंतरचा आहे तो. या गावात, त्या वर्षात, डोक्यावर ती टोपी घालून फोटोला उभं राहायचं म्हणजे काय, ते मी वडिलांच्या तोंडून ऐकलंय. गिरणीत नोकरी करणाऱ्यानं तर जास्तच.

टोपी गांधी टोपीच आहे ना, एवढं मात्र तुझ्या भिंगातून बघ. त्या काळी व्यापारी लोकही पांढऱ्या टोप्या घालायचे, त्या गोल असायच्या.

धोटा

काका, बघितली. पुढं आणि मागं टोक आहे, मध्ये घडी आहे, आणि कापड जाडंभरडं आहे. सूत सारखं नाही, कुठं जाड कुठं बारीक. गिरणीचं सूत असं येत नाही. एवढं मी कुणालाही ठामपणे सांगेन, माझं पोटच त्यावर आहे. ती खादी आहे.

तुमचं उत्तर मी मोठ्याने वाचून दाखवलं, आत्याला. आत्या म्हणजे ताताची धाकटी मुलगी. एकोणनव्वद वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण जे ऐकू येतं ते सगळं लक्षात राहतं. टोपीची गोष्ट चालत आली ती चुलत घरातून. त्या वेळी ते वेगळे राहायचे, आणि पुढं गावच सोडून गेले. आत्याला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं. मीही नाही.

गाडीचं मॉडेल, चाकं, मुखवटा हे सगळं तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "टोपीला खळ मीच घालायचे की."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. परत विचारलं. तर सांगायला लागली, तेलुगूतून, मी मराठीत लिहिते. घरात मागासाठी खळ शिजायची, सुताला लावायला. त्यातली वाटीभर ती बाजूला काढायची, पाणी घालून पातळ करायची, त्यात ताताच्या टोप्या बुडवायच्या, पिळायच्या नाहीत, हातानं दाबायच्या, आणि उलट्या घातलेल्या लोट्यांवर वाळत घालायच्या म्हणजे आकार राहतो. दोन टोप्या होत्या. एक अंगावर, एक लोट्यावर. खळ घट्ट झाली की टोपीवर पांढरे पापुद्रे यायचे आणि ताता रागावायचे.

तिचं वय विचारलं, तेव्हा किती होतं. "शाळेत दुसरी-तिसरीत असेन." आत्याचा जन्म १९३६ चा. म्हणजे १९४४-४५ चं वर्ष आलं. फोटोच्याही कितीतरी पुढं.

मग सोडली कधी, विचारलं. "अम्मा गेली त्या वर्षी." माझी आजी १९५२ ला गेली. आत्या म्हणाली, तेराव्याला डोकं उघडं केलं ते उघडंच राहिलं. घरात कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मी फोटो तिच्या हातात दिला, भिंगही दिलं. तिनं भिंग बाजूला ठेवलं. फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि टोपीवर बोट ठेवून म्हणाली, "ही खळ आईनं घातलीय. बरोबर बसलीय."

हँडल दादा, स्कॅनच्या फाइलचं नाव "मॉडेल ए, १९३१ किंवा नंतर" असंच दिलंय, तुम्ही सांगितलं तसं. चुलत भावाला फोटो, तुमचं चाकाचं गणित आणि बाळीवेस काकांच्या तारखा रात्रीच पाठवल्या. आत्याचं बोलणंही तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवलं. अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न आहे, फोटो मोठा करून घेऊन जाणार आहे.

एक राहिलं. नंबराच्या पाटीवर ४७ च्या आधी भिंगातून आणखी एक आकडा अर्धवट दिसतोय, १ किंवा ७. पाटीवरून काही निघत असेल तर स्कॅनचा तो कोपरा वेगळा कापून टाकते.

सातरस्ता

टाका ताई. आणि आत्यांना नमस्कार सांगा.